झेंड्याच्या रंगांची वाटणी बंद करा

आज सकाळपासून डोकं सणकलंय. सोसायटीत झेंडावंदन झालं, मग पाहुण्यांचं भाषण. शिकलेसवरलेले, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांना सांगतात काय, तर केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा उरलेल्या सगळ्यांचा. टाळ्या! नंतर जिलेबी खाता खाता लिफ्टपाशी पोरांचं सुरू झालं, तुझा कुठला, माझा कुठला. दुसरी-तिसरीतली पोरं ही.

अहो, कुठला काढलात हा अर्थ? म्हणजे कुठला ते ठाऊक आहे. 1921 साली पिंगली वेंकय्यांनी विजयवाड्याला गांधीजींना लाल-हिरवा झेंडा दाखवला, त्यात पांढऱ्याची भर पडली, तेव्हा अशीच धर्मवार मांडणी होती. मान्य. पण पुढचं का नाही सांगत? शिखांनी विचारलंच, आमचा रंग कुठंय? वाटायला बसलं की कुणीतरी उपाशी राहणारच. म्हणून 1931 साली काँग्रेसनं लालाच्या जागी केशरी घेतला आणि रंगांचा कुठल्याही धर्माशी संबंध नाही, हे ठरावातच लिहून टाकलं. तुमचा-माझा जन्म व्हायच्या आधी निकालात निघालेली गोष्ट आज पोरांच्या डोक्यात भरताय!

माझी आत्या नांदेडला खादीचे झेंडे शिवायची. सुट्टीत डबा द्यायला गेले की मी तिथंच रेंगाळायचे. पांढऱ्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी चक्राचा छाप असतो. आत्या तयार झेंडा खिडकीपुढे उजेडात धरायची. पुढचं चक्र आणि मागचं चक्र तंतोतंत एकावर एक बसायला हवं. जरा सरकलं असेल तर आऱ्यांच्या कडेला निळी दुहेरी रेघ दिसते. दिसली, की झेंडा बाजूला. "दोन्हीकडून सारखंच दिसाया पाह्यजे," एवढंच म्हणायची.

पुढे घटना समितीतलं नेहरूंचं 22 जुलै 1947 चं भाषण वाचताना मला आत्याच आठवली. चरखा जाऊन चक्र का आलं, याचं कारण नेहरूंनी तिथं दिलंय. अख्खा चरखा काढला तर चाती (सूत कातायची सळई) आणि माळ (ती फिरवणारी दोरी) एका बाजूला येतात, झेंड्याच्या दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत. म्हणून त्याचं नुसतं चाक ठेवलं, आणि ते सारनाथच्या अशोकस्तंभावरचं घेतलं. झेंड्याचा अर्थ धर्मवार नाही, हेही त्याच भाषणात आहे. राधाकृष्णन तर रंग एकेक करून समजावून गेले. भगवा त्यागाचा, पुढाऱ्यांनी स्वतःच्या लाभावर पाणी सोडावं म्हणून. पांढरा सत्याच्या वाटेवरचा उजेड. हिरवा म्हणजे माती, आणि ज्याच्यावर सगळे जीव जगतात तो झाडपाला. माती! ती काय एका मोहल्ल्याची असते?

आणि हा हिरवा आत्याच्या हातातून रोज जायचा. हिरव्याला हिरवा दोरा, केशरीला केशरी. माळकरी बाई होती ती, एकादशी कधी चुकवली नाही. हिरवं कापड हातात घेताना तिच्या मनात कधी परकेपणा आला असेल, असं मला तरी वाटत नाही.

फाटकावर लावलेल्या पॉलिएस्टरच्या झेंड्यांबद्दलही आज बोलतेच. 2021 च्या डिसेंबरात नियम बदलला आणि ते चालायला लागले. त्यामुळे झेंडा घरोघरी पोचला, हे खरं आहे, नाकारत नाही. पण आमच्या फाटकावरचं चक्र अंड्यासारखं लांबट आहे आणि ते केशरीत घुसलंय. आत्यानं एका नजरेत बाजूला काढला असता तो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ते गृहस्थ वाईट नाहीत. त्यांनाही शाळेत कुणीतरी हेच शिकवलं असणार. आपल्या कितीतरी जणांच्या घरात हेच सांगतात, वर एकोप्याचा धडा म्हणून सांगतात. हेतू चांगला असेलही. पण लिफ्टपाशी जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा "तुझा हिरवा" म्हटल्यावर जिलेबी तशीच धरून उभा राहिला. त्याला केशरी आवडतो. त्याच्या चित्रकलेच्या वहीत सगळे सूर्य केशरी आहेत.

सेक्रेटरींना मेसेज केलाय. 26 जानेवारीला पाहुणे बोलवा, नका बोलवू, पोरांशी दहा मिनिटं मी बोलणार. आणि तो फाटकावरचा झेंडा आज संध्याकाळी नीट उतरवून घेऊ या, खादीच्या झेंड्याचे पैसे मी देते.