सर्व्हरचा सप्लाय जळत नाही, त्याच्यापुढची वायर जळते

क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग करणाऱ्यांमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डं दिवसरात्र राबवून डिजिटल नाणी कमावणाऱ्यांमध्ये, एक सल्ला सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: "जुन्या सर्व्हरचा १२०० वॅटचा पॉवर सप्लाय घ्या, त्यावर ब्रेकआउट बोर्ड चढवा आणि बिनधास्त कार्डं लावा. डेटा सेंटरचा माल आहे, कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या वर, संरक्षण स्वतःचं स्वतः करतो, कमी पडला तर शेजारी दुसरा जोडा. एटीएक्स सप्लायवर पैसे कशाला घालवायचे?"

ब्रेकआउट बोर्ड म्हणजे सप्लायला लावून त्याची वीज बऱ्याच सॉकेटमध्ये वाटणारा बोर्ड, आणि एटीएक्स म्हणजे घरच्या संगणकातला साधा सप्लाय. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच उरलेलं अर्धं सहज गळी उतरतं. सप्लाय खरोखर दणकट असतो. पण तो सर्व्हरच्या पेटीत राहण्यासाठी बनवलेला असतो. चालू होण्याचा इशारा, हवेचा झोत, जाड तांब्याच्या पट्ट्या, प्रत्येक फांदीचं, म्हणजे सप्लायमधून निघणाऱ्या प्रत्येक वायरीचं, वेगळं संरक्षण, हे सगळं त्याला ती पेटी पुरवते. पेटीबाहेर काढला की ही कामं तुमच्या गळ्यात पडतात, आणि त्यांच्याबद्दल हा सल्ला चकार शब्द काढत नाही.

"१२०० वॅट लिहिलंय, म्हणजे १२०० वॅट मिळणार."

लेबल पूर्ण वाचा. एचपीचा डीपीएस-१२००एफबी घ्या, मायनिंगमध्ये बहुतेक हाच दिसतो. २०० ते २४० व्होल्टच्या लाइनवर तो १२ व्होल्टला १०० अँपिअर देतो. १०० ते १२० व्होल्टवर हाच सप्लाय ९०० वॅटचा होतो, म्हणजे ७५ अँपिअर. लाइनचं व्होल्टेज निम्मं झालं की तेवढ्याच वॅटला दुप्पट करंट ओढावा लागतो, आणि आतले भाग तेवढा करंट सोसायला बनवलेले नसतात. दोन हजार वॅटच्या वरचे बरेच सर्व्हर सप्लाय तर कमी व्होल्टेजवर चालूच होत नाहीत.

"डेटा सेंटरमध्ये वर्षानुवर्षं चोवीस तास चाललाय" हेही अर्धसत्य आहे. चोवीस तास चाललाय, पण किती लोडवर? सर्व्हरमध्ये असे सप्लाय जोडीने बसवतात. एक बंद पडला तर दुसऱ्याने सगळा भार उचलायचा, म्हणून एरवी प्रत्येकावर निम्म्याहून कमीच लोड असतो. तुम्ही त्याला पंचाण्णव टक्क्यांवर महिनोन्महिने चालवणार असाल, तर ते त्याच्यासाठीही नवीनच आहे. ८० टक्क्यांची मर्यादा धरा: २३० व्होल्टवर ९६० वॅट, ११५ व्होल्टवर ७२० वॅट.

बेरीजही सॉफ्टवेअरच्या आकड्यांवर करू नका. एएमडीची पोलारिस पिढीतली कार्डं फक्त चिपचा वापर दाखवतात. मेमरी, पंखा आणि कार्डावरच्या रेग्युलेटरमधली गळती त्यात नसते, त्यामुळे खरा आकडा प्रत्येक कार्डामागे वीस-तीस वॅटनी सहज वर जातो. सहा कार्डांचा मिळून फरक एका जादा कार्डाएवढा होतो. १२ व्होल्टच्या वायरींवर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावा आणि तोच आकडा खरा माना.

"कार्यक्षमता नव्वदच्या वर."

असते. २३० व्होल्टच्या सर्व्हर सप्लायसाठी ८० प्लस प्लॅटिनम प्रमाणपत्राला २०, ५० आणि १०० टक्के लोडवर अनुक्रमे ९०, ९४ आणि ९१ टक्के लागतात. गोल्डला ८८, ९२ आणि ८८. पण ९६० वॅटवर ९४ आणि ९२ टक्के यांत फरक पडतो जेमतेम बावीस वॅटचा. बरं आहे, पण एवढ्यावर रिगचा, म्हणजे कार्डांच्या सगळ्या मांडणीचा, नफा-तोटा ठरत नाही.

"ब्रेकआउट बोर्ड म्हणजे नुसती जोडणी."

बोर्ड तीन कामं करतो: सप्लायला चालू होण्याचा इशारा देतो, शंभर अँपिअर सप्लायच्या कडेवरच्या पट्टीतून उचलतो आणि ते दहा-बारा सॉकेटमध्ये वाटतो. पहिल्या कामातला धोका म्हणजे दुसऱ्या कुळाचा बोर्ड. एचपी, डेल आणि आयबीएम यांच्या कडा दिसायला सारख्या असल्या तरी पिनांची मांडणी वेगळी असते. "बसला म्हणजे चालतो" हा नियम इथे लागू नाही, मॉडेल नंबर जुळवूनच बोर्ड घ्या.

दुसऱ्या कामात धोका अर्धवट बसण्याचा. बोर्ड तिरका राहिला तर पट्टीच्या एका टोकाची बोटं नीट टेकत नाहीत, आणि सगळा करंट दुसऱ्या टोकाने जातो. मेन्सची वायर काढूनच बोर्ड लावा, तळापर्यंत दाबा, स्क्रूची भोकं असतील तर स्क्रू घाला. अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने पट्टीची दोन्ही टोकं तपासा. एक टोक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे गरम लागलं तर बंद करून पुन्हा बसवा. आणि बोर्डावर बारा सॉकेट आहेत म्हणून बारा कार्डं लागत नाहीत. सॉकेट मोजून क्षमता कळत नसते.

"शॉर्ट झाला तर सप्लाय आपोआप बंद होतो."

या दाव्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. सप्लायचं ओव्हरकरंट संरक्षण असतं सप्लायपुरतं. शंभर अँपिअरच्या वर गेलं की तो बंद होतो, त्याखालचं सगळं त्याच्या दृष्टीने नेहमीचं गिऱ्हाईक.

समजा, कार्डं मिळून ५० अँपिअर घेत आहेत आणि एका रायझरवर (कार्डाला यूएसबी केबलने मदरबोर्डाशी जोडणाऱ्या छोट्या बोर्डावर) अर्धवट शॉर्ट होऊन तो ४० अँपिअर ओढू लागला. बेरीज ९०. सप्लाय शांत. रायझरला जाणारी वायर अडॅप्टरची एकच पिवळी, १८ गेजची असेल तर तिचा रोध मीटरला साधारण २१ मिलिओहम असतो. ४० अँपिअरचा वर्ग गुणिले हा रोध म्हणजे प्रत्येक मीटरमागे ३३ वॅट उष्णता. छोट्या सोल्डरिंग आयर्नची उष्णता एका बारीक वायरमध्ये भरल्यासारखंच झालं. आधी आवरण मऊ होतं, मग शेजारच्या वायरला चिकटतं, आणि सप्लाय या आगीला इमानेइतबारे वीज पुरवत राहतो. शुद्ध शॉर्ट झाला असता तर तो क्षणात बंद पडला असता. अर्धवट शॉर्ट त्याला कळत नाही, घात होतो तो तिथेच.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक फांदीला गाडीत वापरतात तसला ३२ व्होल्ट डीसीचा ब्लेड फ्यूज लावा. १५० वॅटपर्यंत घेणाऱ्या कार्डाच्या केबलला २० अँपिअर, रायझरच्या केबलला १० अँपिअर. केबलच्या तिन्ही १२ व्होल्टच्या वायरी एकत्र करून फ्यूजमध्ये घ्या, होल्डरची वायर किमान १४ गेजची असू द्या (गेजचा आकडा लहान म्हणजे वायर जाड). फ्यूज बोर्डाच्या जवळ हवा, कारण बोर्ड ते फ्यूज एवढा तुकडा कुणाच्याच राखणीत नसतो. प्रत्येक सॉकेटला फ्यूज असलेले ब्रेकआउट बोर्डही येतात, तेच घेतले तर ही सगळी कटकट वाचते.

"एका केबलवर दोन कार्डं, रायझरला साटाचा अडॅप्टर. सगळे असंच करतात."

सहा-पिन कनेक्टरला मानकात ७५ वॅट आहेत, आठ-पिनला १५०. गंमत म्हणजे १२ व्होल्टच्या पिना दोन्हीकडे जास्तीत जास्त तीनच. आठ-पिनमधल्या जादा दोन पिना ग्राउंडच्या बाजूच्या. म्हणून चांगल्या १६ गेज केबलचा सहा-पिन १५० वॅट सहज सोसतो, आणि इथूनच लोकांचा हात मोकळा सुटतो.

एक कनेक्टर जवळून पाहू. समजा, १५० वॅटच्या कनेक्टरवर २२५ वॅट लादले. २२५ वॅट म्हणजे पावणेएकोणीस अँपिअर, तीन पिनांत वाटल्यावर प्रत्येकी सव्वासहा. संपर्काचा रोध १० मिलिओहम धरला तर एका पिनमध्ये ०.४ वॅटसुद्धा उष्णता होत नाही. आता त्यातली एक पिन सैल झाली. तिचा रोध वाढला, तिने करंट घेणं कमी केलं आणि तो वाटा उरलेल्या दोघींकडे गेला. त्यांची उष्णता दुपटीहून वर गेली, पितळेची स्प्रिंग तापून ढिली पडली, आणि त्यांचाही रोध वाढू लागला. शेवटी सगळा भार एकटीवर येतो. ३० मिलिओहमच्या संपर्कातून पावणेएकोणीस अँपिअर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत दहा वॅट. मग नायलॉनचं घर तपकिरी होतं आणि कनेक्टर सॉकेटला असा चिकटतो की काढताना सॉकेटच उचकटून हातात येतं. म्हणून सुरू केल्यावर पहिल्या दिवसाच्या शेवटी रिग बंद करा, एकेक कनेक्टर काढून पिनांच्या तोंडाशी रंग बदललाय का ते पाहा.

साटाचं, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या कनेक्टरचं, गणित आणखी सोपं. १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, मिळून ५४ वॅट. कार्ड स्लॉटमधून १२ व्होल्टवर ६६ वॅटपर्यंत घेऊ शकतं. सर्व्हर सप्लायला साटाची केबल मुळातच नसते, तरी लोक सहा-पिनवरून साटाचा अडॅप्टर मुद्दाम विकत घेतात, हे कोडं काही सुटत नाही. सहा-पिन सॉकेट असलेला रायझर घ्या आणि केबल थेट लावा.

"कमी पडला तर शेजारी दुसरा जोडा."

सर्व्हरमध्ये दोन सप्लाय भार वाटून घेतात तो कडेवरच्या पट्टीतल्या वेगळ्या लाइनमुळे. तिच्यावरून ते एकमेकांच्या करंटचा अंदाज घेतात. साधे ब्रेकआउट बोर्ड ही लाइन बाहेर काढत नाहीत. तिच्याविना दोन्हींचे १२ व्होल्ट एकत्र केलेत, तर १२.२५ व्होल्ट देणारा सगळा भार ओढतो आणि १२.२० वाला बसून राहतो. पहिला मर्यादेला टेकून बंद पडला की सगळा भार एकदम दुसऱ्यावर पडतो आणि तोही जातो.

भार जोडू नका, वाटा. तीन कार्डं एकाला, तीन दुसऱ्याला. कार्ड आणि त्याचा रायझर नेहमी एकाच सप्लायवर, याला अपवाद नाही. दोन्ही सप्लायचे ऋण टोक मात्र जाड वायरने एकत्र बांधा, नाहीतर परतीचा करंट रायझरच्या यूएसबी केबलमधून वाट शोधतो. आणि २४ व्होल्टसाठी दोन सप्लाय सिरीजमध्ये? अजिबात नाही. यांचं ऋण टोक सहसा आतूनच पेटीला आणि अर्थिंगला जोडलेलं असतं, त्यामुळे वरच्या सप्लायची पेटी खालच्याच्या १२ व्होल्टला शॉर्ट करते. त्यावर "अर्थिंग काढून टाका" असं सुचवणाऱ्याचं ऐकू नका, त्याने पेटीला हात लावणारा माणूस मरू शकतो.

मदरबोर्डचं काय, हेही या सल्ल्यात नसतं. सर्व्हर सप्लाय कामाचा फक्त १२ व्होल्ट देतो. ३.३ आणि ५ व्होल्टसाठी १२ व्होल्टवर चालणारा पिको धर्तीचा छोटा बोर्ड किंवा वेगळा लहान एटीएक्स सप्लाय लागतो. वेगळा घेतलात तर सर्व्हर सप्लाय आधी किंवा सोबत चालू व्हायला हवा. मदरबोर्ड आधी उठला तर कार्डं त्याला दिसत नाहीत, आणि लोक रायझर बदलत बसतात.

"कुठलाही मायनर चालतो."

अँटमायनर एस९ (बिटकॉइन मायनिंगचं तयार मशीन) चालतो, कारण तो १२ व्होल्टचा आहे. तीन हॅश बोर्ड (मायनिंगची आकडेमोड करणारे बोर्ड), प्रत्येकाला तीन सहा-पिन आणि कंट्रोल बोर्डाला एक, एकूण दहा. मशीन तेराशे वॅटच्या वर खातं, त्यामुळे १२०० चा एक सप्लाय पुरत नाही. दोन हॅश बोर्ड एकावर, तिसरा आणि कंट्रोल बोर्ड दुसऱ्यावर. एकाच हॅश बोर्डाच्या तीन सॉकेटमध्ये दोन सप्लायच्या केबली कधीही मिसळू नका. एस१९ला मात्र स्वतःचा, बारा ते पंधरा व्होल्टमध्ये बदलता येणारा सप्लाय असतो. तिथे हा जुगाड विसरा.

"आवाज सोडला तर रॅकमध्ये काही त्रास नाही."

यांचा पंखा ४० मिलिमीटरचा, तेव्हा आवाज होणारच. तो शांत पंख्याने बदलला तर सप्लायला अपेक्षित वेग दिसत नाही, आणि तो बंद पडतो किंवा आतून तापतो. खरा घोळ दिशेचा आहे. बहुतेकांत हवा कडेच्या पट्टीकडून आत येते आणि मेन्सच्या सॉकेटकडून बाहेर पडते. म्हणजे तुमचा ब्रेकआउट बोर्ड आणि बारा केबलींचा जुडगा नेमका नाकासमोर. केबली बोर्डापासून लगेच बाजूला वळवा, दोन्ही तोंडांपुढे वीतभर जागा मोकळी ठेवा. बोर्डाची बाजू कार्डांच्या गरम हवेकडे येऊ देऊ नका. सप्लाय एकमेकांना चिकटून बसले तरी चालतात, सर्व्हरमध्येही तसेच बसतात. पत्र्याच्या फ्रेमला अर्थिंग द्या आणि रायझरखाली प्लास्टिकचे स्टँडऑफ घाला. रायझरच्या मागची सोल्डरची टोकं पत्र्याला टेकली, तर वर सांगितलेला अर्धवट शॉर्ट असाच होतो.

सप्लाय अचानक बंद पडून पुन्हा उठत नसेल तर तो दोष धरून बसलेला असतो. मेन्सची वायर काढून मिनिटभर थांबा, पण कारण सापडल्याशिवाय पुन्हा लावू नका.

राहिला पैशांचा दावा. सप्लाय स्वस्त पडतो, हे खरं. त्यात मॉडेलला जुळणारा बोर्ड, १६ गेजच्या केबली, फ्यूज, होल्डर आणि पिको बोर्ड धरून मग तुलना करा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम ही क्रिप्टोकरन्सी प्रूफ-ऑफ-स्टेक या मायनिंग न लागणाऱ्या पद्धतीवर गेली आणि कार्डांवरच्या मायनिंगचा मोठा आधार एका दिवसात संपला. मोडलेल्या रिगचे संच आजही बोर्ड-केबलींसकट विकले जातात. अशा संचातला सप्लाय तपासून खुशाल घ्या. केबली मात्र नव्याच आणा, कारण त्यांच्या पिना आधीच्या मालकाकडे किती तापल्या होत्या हे बाहेरून दिसत नाही.