फार्मसीवाल्यांनी एआय वापरावं का? कट्ट्यावर झालेला वाद

कट्ट्यावर विषय निघाला फार्मसीच्या अभ्यासात एआय वापरण्याचा आणि मग कोणी थांबेचना. थर्ड इयरवाला म्हणाला, "अरे शरीरात औषधं मोडणारी ती सीवायपी एन्झाइम्स माझ्या डोक्यात शिरतच नव्हती, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने त्यातलं सीवायपी३ए४ अडवलं की कोलेस्टेरॉलचं औषध सिम्व्हास्टॅटिन रक्तात वाढतं, मग स्नायू तुटायला लागतात आणि किडनीवर येतं, हे मी एआयला उलटसुलट विचारत बसलो तेव्हा कुठे कळलं, वर्गात इतक्या वेळा कोण विचारू देणार?"

हॉस्पिटल ट्रेनिंगला जाणारी मैत्रीण उसळलीच. "समजून घ्यायला ठीक आहे रे, पण डोस? ८० वर्षांची बाई, वजन ५४ किलो, रक्तातलं क्रिएटिनिन १.५. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती काम करते ते, काढ. ३० येतो ना? चूक! बाई आहे, ०.८५ ने गुणायचं, २५.५ येतो. क्लिअरन्स ३० च्या खाली गेला की कितीतरी औषधांचा डोस बदलतो. एआयने ते ०.८५ सोडलं तर तुला कळेल का, हाताने कधी केलंच नसशील तर?"

मला तिचं पटलं, अगदी मनापासून. एआयने दिलेल्या संदर्भांचंही तेच, जर्नल खरं, नाव खरं वाटणारं, आणि शोधायला गेलं की तो पेपरच नसतो, आणि पोरं तसेच प्रोजेक्टमध्ये चिकटवतात.

तिसरा म्हणाला, मग प्रोटीनचा आकार ओळखणारं एआय, अल्फाफोल्ड, बनवणाऱ्यांना २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल उगाच मिळालं का? उगाच नाहीच. पण प्रोटीनचा आकार कळला म्हणजे औषध झालं असं नाही ना, पुढे लॅब, प्राण्यांवरच्या चाचण्या, क्लिनिकल ट्रायल हे सगळं राहतंच, आणि तो आकार वापरणाऱ्यांना मुळात केमिस्ट्री येत असते.

बंदी घालून काही होणार नाही, घरी सगळे वापरणारच. म्हणून मी म्हटलं, परीक्षेत एआयचंच उत्तर छापा आणि त्यातली चूक शोधायला लावा. समजा संधिवाताच्या पेशंटला मेथोट्रेक्सेट "रोज एक गोळी" असं लिहिलंय. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो, आणि ज्याला हे वाचताक्षणी खटकत नाही त्याला पास कसं करायचं?

थर्ड इयरवाल्याला आयडिया आवडली, फक्त म्हणाला की असे पेपर काढायला आधी शिकवणाऱ्यांना एआय नीट वापरून बघावं लागेल, त्यांचं ट्रेनिंग कोण घेणार? त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.