अवघड काम आधी? घर बांधताना हा क्रम घात करतो

प्रोजेक्टच्या वेळेबद्दलचा एक मेसेज सध्या खूप फिरतोय. त्यातले सल्ले चार: सर्वांत अवघड काम आधी करा, महत्त्वाची कामं यादीत वर ठेवा, किरकोळ कामं शेवटी उरका, उशीर झाला तर माणसं वाढवा. एकट्यानं करायच्या टेबलावरच्या कामाला हे कदाचित चालेल. नागपुरात पावसाळ्यापूर्वी छत पूर्ण करायचं असेल, तर चारही सल्ले नडतात.

"अवघड काम आधी"

कामाचा क्रम अवघडपणावर ठरत नाही, कोणतं काम कशावर अडलंय त्यावर ठरतो. म्हणून शेवटाकडून मागे मोजा. नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यात येतो, तेव्हा 9 जूनला छताचं वॉटरप्रूफिंग संपलं पाहिजे असं धरू. त्याला 6 दिवस. त्याआधी कठड्याची वीट, प्लास्टर आणि त्यावर पाणी मारणं, 10 दिवस. त्याआधी स्लॅब पाण्याखाली 14 दिवस. त्याआधी सेंट्रिंग (काँक्रीट पेलणाऱ्या फळ्या आणि टेकू), सळई आणि ढलाई (काँक्रीट ओतणं), 12 दिवस. बेरीज 42. म्हणजे सेंट्रिंगची पहिली फळी 29 एप्रिललाच लागायला हवी आणि ढलाई 10 मेला. सर्वांत अवघड ढलाईच, पण ती साखळीत बाराव्या दिवशी येते. पहिल्या दिवशी फळ्या आणि टेकू साइटवर नसतील, तर ढलाईची कितीही तयारी असून उपयोग नाही.

ढलाई सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्या. मेमध्ये इथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. भर दुपारी टाकलेल्या काँक्रीटच्या पृष्ठभागावरचं पाणी झपाट्यानं उडतं आणि घट्ट होण्याआधीच तडे पडतात. टाकल्यावर ओलं गोणपाट घाला. स्लॅब पुरेसा आवळला की सिमेंट-रेतीचे छोटे बांध घालून पाणी साठवा.

"महत्त्वाचं ते वर"

घरमालकाला विचारलं तर सगळंच महत्त्वाचं असतं, स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइटसुद्धा. प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा: लवकरात लवकर कधी सुरू होईल आणि उशिरात उशिरा कधी सुरू केलं तरी शेवट हलणार नाही. दोन्हींतला फरक ही त्या कामाची सवड. ग्रॅनाइटला 20 दिवस सवड असेल आणि सळईला शून्य, तर आजचा दिवस सळईचा. 1957 मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट आणि रेमिंग्टन रँड यांच्या लोकांनी बसवलेली क्रिटिकल पाथ पद्धत याच हिशोबावर उभी आहे. सवड शून्य असलेल्या कामांची साखळी रोज सकाळी तपासा, बाकीची आठवड्यातून एकदा.

"किरकोळ कामं शेवटी"

या सल्ल्यानं सर्वांत जास्त नुकसान होतं. स्लॅबमधले विजेचे पाइप आणि पंख्याचे बॉक्स बसवणं म्हणजे लहान घरात इलेक्ट्रिशियनचं दिवसभराचं काम, पण त्याची जागा एकच: खालची सळई बांधल्यानंतर आणि ढलाईच्या आधी. राहिलं तर तयार छत फोडावं लागतं. बॉक्स आणि पाइपची तोंडं बंद केली नाहीत, तर सिमेंटचं पाणी शिरून पाइप बुजतो आणि वायर ओढताना कळतं. संडास-बाथरूमच्या पाइपसाठी स्लॅबमध्ये ठेवायच्या भोकांचंही तेच. पंखा खोलीत कुठे येणार, हे घरमालकानं सेंट्रिंग सुरू होतानाच ठरवून द्यायला हवं.

"उशीर झाला तर माणसं वाढवा"

सेंट्रिंग आणि सळईला माणसं वाढवून दिवस वाचतात. काँक्रीटला नाही. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे उष्ण, कोरड्या हवेत किमान 10 दिवस पाणी हवं. फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) मिसळलेल्या सिमेंटला 14 दिवसांची शिफारस आहे. साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू गाळा (दोन आधारांमधलं अंतर) 4.5 मीटरपर्यंत असेल तर 7 दिवस आणि मोठा असेल तर 14 दिवस काढू नयेत. 6 मीटरपेक्षा लांब तुळईखाली 21. इंजिनिअरनं मुदत वाढवली तर ते दिवस साखळीत धरा आणि सुरुवात तेवढे दिवस आधी घ्या. एप्रिलअखेर सेंट्रिंग लागलीच नाही, तर वाचवता येण्यासारखे दिवस फक्त पहिल्या 12 मध्ये आहेत. तिथे दुसरी टोळी लावा, टेकूंना हात लावू नका.