‘आजीच्या हातचे गोड कधीच बाधत नाही’ या संदेशाला उत्तर

‘आजीच्या हातचे गोड कधीच बाधत नाही’ अशा ठळक ओळीने सुरू होणारा एक लांबलचक संदेश सध्या घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: तान्ह्या बाळाला रोज मध चाटवावा, बुद्धी तल्लख होते; गूळ आणि मध म्हणजे साखर नव्हे; दुधाचे दात पडणारच असतात, त्यांची चिंता नको; गोडाने मुले उच्छाद मांडतात ही थाप आहे; गोड अडवले की मूल चोरून खाते; आणि आजी-आजोबांच्या घरात आईवडिलांचे नियम चालत नाहीत, म्हणून खाऊ खुशाल गुपचूप द्यावा. हा संदेश माझ्या आईपर्यंत पोहोचला नसता, तर मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. परंतु धाकटी बहीण चार महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी आलेली असताना आईने तो मोठ्याने वाचून दाखवला, पंचामृतासाठी देवघरात ठेवलेली मधाची बाटली आणली आणि करंगळी मधात बुडवली. मी तिचे मनगट धरले. तिला ते लागले, आणि लागणे साहजिकही होते, कारण आम्हा दोघी बहिणींना बारशाच्याही आधी सोन्याच्या अंगठीने मध चाटवलेला होता.

म्हणून सर्वांत आधी मधाविषयी. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, थेंबभरही देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र त्यांना अटकाव करणारी व्यवस्था अजून तयार झालेली नसते, त्यामुळे ते तिथे वाढतात आणि स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. आधी बाळाला शी होईनाशी होते, मग दूध ओढण्याची ताकद कमी होते, रडणे क्षीण होते, मान सैल पडते आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर श्वासाचे स्नायूही थकतात. मध घरचा आहे, शुद्ध आहे, ओळखीच्या माणसाने पोळ्यातून काढून दिला आहे, याने काहीही फरक पडत नाही. तो उकळूनही उपयोग नाही, कारण हे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. ‘आमच्या वेळी सर्वांनाच मध दिला, कोणाला काय झाले?’ हा प्रश्न आईनेही विचारला. हा आजार विरळा आहे, हे मला मान्य आहे. परंतु तान्ह्या बाळांमधील हा आजार मुळात ओळखला गेला तोच १९७६ साली, कॅलिफोर्नियात. त्याआधी अशा कारणाने एखादे बाळ दगावले असेल, तर घरच्यांनी त्याला दुसरेच काही नाव दिले असणार. जी वाचली, तीच आज हा प्रश्न विचारायला आहेत. बुद्धीसाठी म्हणून जो धोका पत्करायचा, त्याच्या बदल्यात बाळाला मिळणारे काहीच नाही. पहिले सहा महिने त्याला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा लागत नाही.

गूळ आणि मध म्हणजे साखर नव्हे, या विधानाला जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची मार्गदर्शिका पुरेसे उत्तर देते. मर्यादेत ठेवायची साखर कोणती, हे सांगताना तिने कारखान्यात घातलेल्या साखरेबरोबरच स्वयंपाक करणाऱ्याने आणि खाणाऱ्याने घातलेली साखर, तसेच मध आणि फळांच्या रसातली साखरही मोजली आहे. म्हणजे आजीचा हातही त्या व्याख्येत येतो. अशी साखर दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत ठेवावी, असे ती मार्गदर्शिका सांगते. चार वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,३०० उष्मांक लागतात असे धरले, तर दहा टक्के म्हणजे सुमारे आठ चमचे आणि पाच टक्के म्हणजे चार चमचे साखर होते. माझी मुलगी दिवसभर आईकडे असते, म्हणून मी तिचा एक दिवस मोजला: दुधात दोन चमचे, शिकरणात दोन चमचे आणि चार वाजताच्या बेसनाच्या लाडवात तीन चमचे, असे बिस्किटे धरण्याआधीच सात चमचे झाले. गुळात थोडे लोह असते, हे खरे आहे. परंतु त्यासाठी मुलाला गूळ चारण्यापेक्षा कडधान्ये आणि पालेभाज्या द्याव्यात.

दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे येणारी पहिली पक्की दाढ अनेक घरांत दुधाचीच समजली जाते आणि तशीच किडू दिली जाते.

दोन गोष्टी मात्र मान्य कराव्या लागतात. साखरेने मुले उच्छाद मांडतात असे प्रयोगांत दिसत नाही. अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा १९९५ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर आम्हा पालकांनी हे कारण पुढे करायला नको होते. कडक बंदीने त्याच पदार्थावरची वासना वाढते, हेही बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु बंदी नको याचा अर्थ मोजमाप नको असा होत नाही.

मला सर्वाधिक राग आला तो ‘गुपचूप द्यावा’ या सल्ल्याचा. दोन घरांचे नियम वेगळे असतात, हे मुलांना कळते. सुट्टीत आजोळी जाऊन नातवाने चार दिवस लाडू खाल्ले तर त्याबद्दल कोणीही भांडू नये. मात्र आईवडील नोकरीवर असताना जी आजी रोज मूल सांभाळते, तिचा खाऊ हा अपवाद नसतो, तोच मुलाचा आहार असतो. आणि ‘आईला सांगू नकोस हं’ हे वाक्य लाडवापेक्षा कितीतरी अधिक घातक आहे. मोठ्या माणसाने काही दिले आणि लपवायला सांगितले तर ते लपवायचे असते, ही सवय मायेच्या माणसाने लावली, की उद्या वाईट हेतूने तेच सांगणारा माणूस मुलाला वेगळा ओळखू येत नाही. हे मी आईला या शब्दांत सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

त्यानंतर आमचे जे ठरले, त्यात तिचेही म्हणणे आहे. लाडू बंद झालेला नाही. तो चार वाजता एकटा न देता दुपारच्या जेवणाबरोबर द्यायचा, कारण दिवसभर थोडे थोडे गोड खाण्याने दात अधिक किडतात. रडे थांबवण्यासाठी गोड द्यायचे नाही, हा नियम तिच्याइतकाच मलाही लागू आहे. मधाची बाटली तिने स्वतःच देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली आहे. बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत ती केवळ पंचामृतापुरती खाली येईल आणि ते पंचामृत बाळाच्या ओठाला लावले जाणार नाही.