कलम ३९ आणि ‘गर्दुल्ल्यांचे लाड’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, जेलऐवजी कोर्टाने व्यसनमुक्तीला पाठवावं या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “एसीत बसून गर्दुल्ल्यांचे लाड सुचतात. घरातला कोणी आत जाऊन आलाय का? जबरदस्तीने कोणी सुधारत नाही, आणि सरकारी सेंटर आहेत कुठे? लेख पण केवढा लांबलचक.” मत वेगळं असू दे की, पण हा काय सूर झाला? ओळख ना पाळख, आणि थेट माझ्या घरावर घसरलात.

लेख लांबला, हे मान्य.

आता घरातला कोणी आत गेलाय का. हो, गेलाय. सख्खा धाकटा भाऊ. पन्नीवर गर्द, म्हणजे हेरॉईन, ओढायचा. आईच्या पाटल्या गेल्या, मग गॅसचा सिलिंडर गेला, आणि पहिल्यांदा पुडीसकट सापडला तेव्हा आमचा वकील म्हणाला गुन्हा कबूल कर, थोडक्यात सुटशील, तर हा कबूल झाला आणि आत गेला. सुरुवातीचे दिवस टर्कीत, म्हणजे नशा अचानक बंद झाल्यावरच्या त्रासात, काढले, उलट्या, जुलाब, पायात गोळे, रात्रभर कण्हायचा म्हणून बराकीतले शिव्या घालायचे, हे सगळं मुलाखतीला गेलो तेव्हा जाळीपलीकडून सांगत होता, आणि शेजारी आई डबा घेऊन उभी, डबा आत घेत नाहीत हे तिला तिथे गेल्यावर कळलं. सुटला तो नवीन पेडलरचे नंबर पाठ करून. शिक्षा पूर्ण झाली, व्यसन जिथल्या तिथे. हे तुमचं जेल.

दुसऱ्या वेळी लीगल एडच्या वकीलबाई होत्या. त्यांनी एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम ३९ खाली अर्ज टाकला. हा कायदा १९८५ चा आहे, मी काही घरी बसून बनवला नाही. सेवन किंवा अल्प प्रमाण, म्हणजे गर्दासाठी ५ ग्रॅमची मर्यादा, यात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल तर कोर्ट त्याचं वय, पूर्वेतिहास, तब्येत बघून लगेच शिक्षा न सुनावता त्याच्या संमतीने सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला सोडू शकतं. बाँड, म्हणजे हमीपत्र, लिहून द्यायचा, वर्षाच्या आत उपचाराचा रिपोर्ट घेऊन कोर्टापुढे उभं राहायचं. तो बघून कोर्ट समज देऊन आणखी तीन वर्षांपर्यंतच्या बाँडवर सोडू शकतं, आणि बाँड मोडला तर येऊन शिक्षा घ्यायची. यात लाड कुठे दिसले तुम्हाला? जेलमध्ये भावाला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. सेंटरमध्ये आईला समोर बसवून, सिलिंडर कुठे विकलास, कितीला विकलास, हे सगळ्या ग्रुपपुढे बोलायला लावलं. ते जेलपेक्षा जड गेलं, असं तो स्वतः मला म्हणालाय. मधे एकदा घसरला, परत भरती झाला. आज टेम्पो चालवतो, आणि आईच्या हातात पैसे देतो. याहून मोठा पुरावा मला तरी नको.

जबरदस्तीचं म्हणाल तर कायद्यात संमती लिहिली आहे, लेखातही होती, तुम्ही वाचली नाहीत त्याला मी काय करू? भाऊ जेलच्या भीतीने तयार झाला, झाला असेल, पण सही त्याचीच होती. सेंटर कमी आहेत हा वेगळा विषय, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय, तेव्हा कुठेच काही नाही असा सूर नका लावू.

आणि ज्यांच्या घरी अशी केस चालू आहे त्यांनी आमच्या कमेंटाकमेंटीत पडू नका. वकिलाला कलम ३९ विचारा, आणि ६४अ पण विचारा, त्यात व्यसनी आरोपी स्वतःहून उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले तर अशा छोट्या गुन्ह्यात खटल्यातूनच संरक्षण मिळू शकतं. दारूला हा कायदा लागत नाही. वकील टाळाटाळ करत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे मोफत वकील मिळू शकतो.