बंदीकाळातली माणसं

गोव्यात मासेमारीबंदी 1 जूनला लागते आणि 31 जुलैला उठते. माशांच्या विणीच्या काळात त्यांना सुखाने राहू द्यावं, म्हणून सरकारने हे 61 दिवस राखून ठेवले आहेत. चांगलंच केलं. माझं म्हणणं एवढंच, की माशांचा इतका विचार झाला त्याच बैठकीत गरवणाऱ्यांच्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या, बायकांचाही विषय निघायला हवा होता. कारण या काळात मासे समुद्रात सुखाने राहतात आणि नवरा घरात.

खरं तर ही बंदी ट्रॉलरना. काठावर उभं राहून गळ टाकणाऱ्याला कोणी अडवत नाही, त्याला पाऊसच अडवतो. माझा नवरा ऑक्टोबर ते मे दर रविवारी पहाटे डिचोलीहून निघतो आणि शिवोलीच्या पुलाखाली नाहीतर शापोऱ्याच्या मुखाशी जाऊन उभा राहतो. दुपारी उन्हाने काळा पडून येतो, जेवतो, झोपतो. माणूस म्हणून त्याच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. जून लागला की नदी तांबडी होते, खडकांवर शेवाळ धरतं आणि ही तक्रारीची जागा आपोआप तयार होते.

त्यातून आमच्याकडे हा आजार दोन पिढ्यांचा. सासऱ्यांकडे, म्हणजे बाबांकडे, परवान्याची दुनळी बंदूक आहे, काजूच्या बागेच्या राखणीसाठी. फेब्रुवारीपासून बोंडू पिकायला लागतात, तेव्हा रात्री रानडुकरं आणि दिवसा माकडं बागेत उतरतात. बाबा बागेत जाऊन एक बार काढतात, तोही आकाशाच्या दिशेने. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे जनावरावर नळी रोखायची सोय नाही, आणि गवारेडा तर गोव्याचा राज्यप्राणीच. डुकरांना कायद्याची पूर्ण कल्पना असावी. बार ऐकून ती दोन कुणगे पलीकडे जातात आणि बाबा चहा प्यायला वळले की परत येतात. पण बाबा खूश असतात. मे संपला, बोंडू संपले, बागेत जळवा झाल्या, की बाबाही दुनळीसकट घरात.

थंड मुलखात अशी शौकीन मंडळी हिवाळ्यात अडकून पडतात, असं बाबा सांगतात. तळी गोठतात, बदकांचा हंगाम सरतो, मग शेकोटीपाशी बसून नळ्या पुसायच्या. आपल्याकडे हिवाळा हाच ऐन हंगाम. आपली सक्तीची रजा पावसात. आणि पाऊस कसला, तर मोजायला मिलिमीटर पुरत नाहीत. आमच्याकडची वर्तमानपत्रं अजून इंचांत मोजतात आणि वाळपईने शंभर इंच ओलांडले की पहिल्या पानावर छापतात. नळ्या पुसायच्या त्या या हवेत. एका बाजूने पुसत जावं तर दुसऱ्या बाजूने ओल धरलेली.

तरी बाबा पुसतात. त्यांचा विधी पाहण्यासारखा असतो. जेवणाच्या टेबलावर जुनं चादरीचं फडकं अंथरायचं. दुनळी मोडून आत काडतूस नाही ना, हे बघायचं. मग बोट घालून परत बघायचं, मग मुलाला दाखवायचं. त्यानंतर नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या. तीन तुकड्यांची लाकडी सळई पितळी पेचांनी जोडून तिच्या टोकाला फ्लॅनेलची पट्टी गुंडाळायची, तेलात बुडवायची आणि नळीत सारायची. पट्टी पलीकडून बाहेर आली की ती उजेडात धरून तिच्यावरचा करडा डाग निरखायचा. हे निरखणं फार वेळ चालतं. शेवटी सुट्या नळ्या खिडकीकडे धरून एक डोळा मिटायचा. आतून पाहिलं तर उजेडाची चकचकीत कडी एकात एक बसलेली दिसतात, दूरपर्यंत. हे मात्र सुंदर असतं. मीही दरवेळी बघते, पण तसं बोलून दाखवत नाही, नाहीतर बारा बोअर म्हणजे काय हे परत ऐकावं लागतं.

ते असं. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घ्यायचा. असे बारा गोळे मिळून एक पौंड भरला, तर ती बारा बोअरची. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. आकडा मोठा तर नळी लहान. हे मला आता इतकं पाठ आहे, की परवा चुडीवाला बांगड्यांची मापं सांगत होता तेव्हा मी उलटं समजून बसले.

पाऊस चांगला लागला की बाबा मोबाईलवर 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकची चित्रफीत लावतात, राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं ती. एकाच वेळी दोन तबकड्या उडतात, दोन बार निघतात, दोन्हींचा भुगा. बाबा प्रत्येक भुग्याला मान डोलावतात आणि शेवटी चिडतात. रिओनंतर डबल ट्रॅप ऑलिंपिकमधून काढून टाकली, हे त्यांना अजून सोसलेलं नाही. "आमचो मनीस जिंकलो तोच खेळ काढलो!" बाबा घरात मराठी बोलतात, पण संतापले की कोंकणीत उतरतात.

बंदुकीचं खरं संकट कपाटात असतं. काडतुसं कुलपात ठेवावी लागतात, आणि घरातलं कुलूप लागणारं एकमेव कोरडं लोखंडी कपाट माझ्या साड्यांचं. म्हणून खालच्या कप्प्यात बाबांचा डबा आणि वरच्या कप्प्यात माझी पैठणी. ओल धरू नये म्हणून आमच्याकडे कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत. आता एलईडी आले. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबा छत्री घेऊन साठ वॅटचा बल्ब शोधत म्हापशाच्या बाजारापर्यंत जाऊन येतात. साड्यांना बुरशी येत नाही हे खरं. पण श्रावणात शाळेत हळदीकुंकवाला गेले, की एखादी बाई हळूच वास घेऊन विचारते, "अत्तर कुठलं हो?" मी म्हणते, बारा बोअर.

2022 साली तर पंचायत निवडणुका ऐन ऑगस्टमध्ये आल्या. निवडणूक म्हटली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. बाबांनी दुनळी दिली, पावती घेतली आणि हवालदाराला विचारलं, "तुमच्या खोलीत गळतं का?" त्यानंतर निकाल लागेपर्यंत आमच्या घरी भाजी ठाण्याच्या रस्त्यावरूनच येत होती, जरी बाजार दुसऱ्या बाजूला आहे. बंदूक परत आली त्या दिवशी नळी खिडकीकडे धरून बाबा म्हणाले, "एक ठिपको आसा." तो ठिपका आमच्यापैकी कोणालाही दिसलेला नाही.

आता नवऱ्याकडे येते. बाबांना निदान एकच वस्तू पुसायची असते. याच्याकडे रॉड, रील आणि खोट्या माशांनी भरलेल्या पेट्या. सगळं मे महिन्यात धुऊन, सुकवून, तेल देऊन झालेलं असतं. मग जूनमध्ये चालू असलेलं रील उघडायचं. त्यातून एक स्प्रिंग उडते. ती शोधायला सोफा सरकवायचा. सोफ्याखाली गेल्या वर्षीची स्प्रिंग सापडते.

स्प्रिंग झाली की गाठी. दोन वेगळ्या दोऱ्या जोडायची एक गाठ आहे. तिच्यात दोरा ताणून धरून त्याभोवती दुसरा एकदा वरून, एकदा खालून फिरवत जायचं. हात दोनच, म्हणून एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं दातात. हा दोरा केसाहून जाड नसतो आणि खोलीत आडवा असला तर दिसत नाही. मी चहाचे कप घेऊन येत होते. गळ्याशी काहीतरी आलं, एवढंच मला कळलं. "हलू नको!" नवरा ओरडला. मला वाटलं, काळजीने. त्याची गाठ अर्ध्यावर होती.

रोज सकाळी मोबाईलवर भरती-ओहोटी आणि लाटांची उंची बघणं सुरूच असतं. लाटांचे इशारे देणारं केंद्र हैदराबादला आहे. ज्या गावाला समुद्र नाही तिथून हा माणूस शापोऱ्याच्या लाटेची खबर घेतो, आणि स्वतःच्या घरावरच्या कौलातून कुठे गळतंय, हे त्याला मी सांगावं लागतं.

दुपारी उघडीप पडली की तो अंगणात उभा राहून बादलीत नेम धरतो. गळ काढलेला खोटा मासा दोरीला लावून दूर फेकायचा, बादलीत पडला तर एक गुण. आतापर्यंत सर्वांत जास्त गुण शेजारच्या पपईने मिळवले आहेत.

बाकी जेवण म्हणाल तर सुकं. मे महिन्यात भरून ठेवलेले खारे बांगडे, सुकी सुंगटं. किसमूर उत्तम लागते, पण माशांच्या गोष्टी सांगत सुकं खाणाऱ्या माणसासमोर रोज बसणं सोपं नाही. "या वेळी चणक धरीन," तो म्हणतो. बाबा म्हणतात, "गेल्या वर्षी पण धरणार होतास." मग टेबल कोणाचं यावरून दोघांची जुंपते, आणि आम्ही बाकीचे ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

एवढं करून बंदी उठते. ट्रॉलर समुद्रात जातात, बाजारात मासा येतो आणि आमच्या घरी श्रावण. सासूबाई श्रावणात स्वयंपाकघरात मासा येऊ देत नाहीत, थेट चवथीनंतर. नवऱ्याला धीर नाही. पहिली उघडीप बघून तो शिवोलीला जातोच, आणि पिशवीतून चार काळुंदरं घेऊन फाटकात उभा राहतो. आत जाता येत नाही, टाकवत नाही. शेवटी ती पिशवी कुंपणावरून आमच्या ख्रिश्चन शेजारणीकडे जाते. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातून रव्यात तळल्याचा वास येतो आणि आमच्याकडे सगळे अळूवडी खात गप्प बसतात.

गेल्या वर्षी तर तिने मला फाटकाशी गाठून मोठ्या काळजीने विचारलं, "बाय, हो तुमचो श्रावण आनी कितले दीस आसा?" मी तारीख सांगितली. तिचा चेहरा पडला.