ए-थ्री की ए-साडेतीन?

मे महिन्यात नागपुरात माठातलं पाणी पिताना माणसाच्या तोंडून ‘हाऽऽ’ निघतं. माझ्या तोंडून ‘आई गंऽऽ’ निघालं. चार दिवसांपूर्वी सावजीच्या रश्श्यातल्या हाडकाशी मी जरा जास्तच झोंबलो होतो. वरच्या सुळ्यामागच्या दाताचा टवका उडाला आणि आत लपलेली कीड उघडी पडली.

शेजारचे काकाजी म्हणाले, “काहून डॉक्टरकडे जाऊन राहिला बा? उपटून फेक नं! बत्तीसातला एक गेला तर काय होते?” काकाजींचे अकराच उरलेत, तेही खर्र्याने कत्थई झालेले. त्यामुळे बोलण्याला अनुभवाचं वजन होतं.

डॉक्टर म्हणजे धरमपेठेतली एक तरुण मुलगी. ती मला ‘काका’ म्हणाली, आणि मी सोबत आलेल्या बायकोकडे पाहायचं टाळलं. “उपटला तर शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, काका. मग मधे खोट्या दाताचा ब्रिज करायचा तर त्याला टेकू म्हणून दोन्ही बाजूंचे धडधाकट दात घासावे लागतात.” म्हणजे मधलं घर पडलं म्हणून शेजाऱ्यांच्या भिंती तासायच्या. इम्प्लांट म्हणजे खोट्या दाताला मूळ म्हणून जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू, आणि हाडाने तो घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबणं. त्यापेक्षा रूट कॅनल करून आपलाच दात वाचवावा, वर कॅप बसवावी, असं ठरलं.

रूट कॅनलची लोक उगाच दहशत घालतात. सुईनंतर नुसती घरघर. आतली नस काढतात, बारीक कानशींनी पोकळी साफ करतात आणि गटापर्चा नावाचा झाडाचा चीक भरतात. 1850 साली इंग्लंड-फ्रान्सच्या समुद्राखालून तार टाकली, तिला याच चिकाचं वेष्टण होतं म्हणे. असो, माझ्या दाताची तार कापूनच ते आत गेलं.

खरी परीक्षा कॅपच्या वेळी झाली. नुसती धातूची मजबूत, पण हसलो की चमकणार. धातूवर सिरॅमिक चढवलेली मधल्या भावाची. पुढे हिरडी सरकली तर कडेला काळी रेघ दिसू शकते. झिरकोनिया, म्हणजे दाताच्या रंगाचं कणखर सिरॅमिक, महाग. बायको म्हणाली, “झिरकोनियाच करा. हाडकं चावायची हौस काही जाणार नाही यांची.” मग डॉक्टरने एक पट्टी काढली. पट्टीवर ओळीने 16 खोटे दात, ए-वन पासून डी-फोर पर्यंत. अक्षर म्हणजे छटेची जात, आकडा वाढला की रंग गडद.

मी तत्काळ ए-वनवर बोट ठेवलं.

“काका, शेजारच्या दातांना जुळायला हवा ना.”

“मग शेजारचेच पांढरे करा!”

“होतं की. पण ब्लीच कॅपवर चालत नाही, म्हणून आधी दात उजळायचे आणि मग कॅपचा रंग ठरवायचा.”

“काही नको,” बायको म्हणाली, “आधी मिशा पाहा त्यांच्या.” आणि इतवारीत साडी घेताना म्हणते तेच म्हणाली, “जरा उजेडात दाखवता का?”

मला वाटलं, आता डॉक्टर चिडणार. पण ती खुश! रंग दिवसाच्या उजेडातच पाहायचा असतो म्हणे, तोही लवकर, कारण तोंड उघडं राहून दात सुकले की पांढरे दिसतात. मग खिडकीत मी आ वासून उभा, खाली ऑटोवाले वर पाहतायत, आणि दोघी माझ्या ओठाशी दात लावून ‘ए-थ्री’, ‘नाही हो, ए-साडेतीन’ करतायत. मध्ये मी जीभ हलवली तर बायको म्हणाली, “तुम्ही बोलू नका, सुकेल.”

ए-साडेतीन ठरला. आठवड्याने कॅप बसली. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर काकाजींनी माझा जबडा धरून उन्हाकडे वळवला, बराच वेळ न्याहाळला आणि शेजारच्या, माझ्या जन्मजात सुळ्यावर नख आपटून म्हणाले, “हाच नं? पैसे पाण्यात गेले राज्या, साफ नकली दिसून राहिला!”